ग्रामोफोन: भोंग्याचा की पेटीचा?
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ग्रामोफोनचा चकचकीत पितळी भोंगा दिसला की हात आपोआप खिशाकडे जातो. जरा थांबा. असे बरेच भोंगे नवेच असतात. खाली कुठल्यातरी पेटी-ग्रामोफोनची जुनी मोटर, वर एचएमव्हीच्या कुत्र्याचं ताजं चित्र. दिवाणखान्यात शोभेला ठीक. ऐकायचं असेल तर एचएमव्ही १०२ सारखी, बाहेर भोंगा नसलेली पेटीच घ्यावी. चावी पूर्ण भरा, तबकडी लावा: शेवटपर्यंत मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग टिकला पाहिजे. आतून धडधड आली तर स्प्रिंगचं ग्रीस वाळलंय. साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई बसते त्या गोल डबीचं, रबर कडक झालं असेल तर आवाज चिरकतो, पण ते बदलता येतं. पोलादी सुई मात्र, भोंगा असो की पेटी, तबकडीच्या दर बाजूला नवीच हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते. ओलसर मऊ कापडाने पुसा. स्पिरिट अजिबात नको, तबकडीतली लाख विरघळते.