लवचीक मानेचा क्लॅम्प की सांध्यांचा हात?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मांडवाच्या लोखंडी नळीला छोटा एलईडी दिवा अडकवायचा असेल, तर लवचीक मानेचा क्लॅम्प, म्हणजे हवी तशी वाकणारी दांडी असलेला चिमटा, सोयीचा. एका हाताने मान वळवली की उजेड नेमका घोड्याच्या आयाळीवर पडतो. मात्र तापीकाठचा वारा सुटला की हीच मान डुलू लागते आणि तिच्यावर कॅमेरा असल्यास चित्रण हलते, कारण मान जितकी लांब, तितका टोकाच्या वजनाचा ताण बुडाशी वाढतो. सांध्यांचा हात, म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या कडक दांड्यांचा धारक, मधली एकच मूठ फिरवून सर्व सांध्यांत एकदम आवळला जातो, म्हणून कॅमेऱ्यासाठी मी तोच घेतो, जरी तो जड आणि महाग असला तरी. कॅमेरा किंवा दिवा बसवायचा पाव इंची स्क्रू बहुधा दोन्हींना असतो. बांबूला लावताना जबड्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालावा. गुळगुळीत सालीवरून दोन्ही सारखेच घसरतात.