‘सगळ्या फर्स्ट स्टेजना बसतो’ म्हणून विकलेला संच

भारतात घेतलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब श्वास घेण्याजोगा करणारं उपकरण) बॅगेत टाकून जर्मनीत आलेल्या डायव्हरची इथल्या पहिल्याच तळ्यावर पंचाईत होते. मालवण, गोवा, अंदमान इकडे भाड्याने मिळणारे बहुतेक सिलिंडर योक जोडणीचे. रेग्युलेटरची कमान व्हॉल्व्हवर चढवायची आणि मागचा स्क्रू आवळायचा. इथे सगळीकडे डीआयएन, म्हणजे जर्मन मानकाची जोडणी. त्यात रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत आट्यांवर फिरवून बसवतात आणि ओ-रिंग व्हॉल्व्हवर नसून रेग्युलेटरच्याच तोंडाला असते. म्हणून योकचं तोंड काढून डीआयएनचं बसवून घेणं आलंच. फसवणूक झाली ती या कामाच्या हत्यारांत. म्युनिक-स्टुटगार्टकडची बरीच मराठी मुलं हल्ली डायव्हिंग करतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

जुन्या सामानाच्या एका संकेतस्थळावर जाहिरात होती. डायव्हिंगचं दुकान बंद करतोय, कार्यशाळेतला पूर्ण संच काढतोय, किंमत १९० युरो. त्यात रुंद पाना, ॲलन की, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळायचा पाना), फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला लागणारा, दाब पहिल्यांदा कमी करणारा भाग) शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये धरायची मूठ, मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा) मोजायचा गेज आणि नामांकित कंपनीचे डीआयएन कनेक्टर. खाली ठळक अक्षरांत: सगळ्या फर्स्ट स्टेजना बसतो, ३०० बार.

विक्रेता अतिशय सभ्य. माझ्या फर्स्ट स्टेजचं मॉडेल विचारलं, योकच्या नटाचा जवळून फोटो मागवला आणि ‘तुमच्या आट्यांचा कनेक्टर बाजूला काढून ठेवलाय’ असं कळवलं. एवढी चौकशी करणाऱ्या माणसावर कोणाचाही विश्वास बसेल, ती चौकशी त्यासाठीच असते. पैशांची वेळ आल्यावर म्हणाला, ॲपमधून ‘मित्र आणि नातेवाईक’ या पर्यायाने पाठवा, शुल्क वाचेल, दहा युरो कमी करतो. या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं. ॲपच्या लेखी तो व्यवहारच नसतो, भेट असते. जर्मनीतल्या जुन्या सामानाच्या बाजारातली ही नेहमीची युक्ती आहे.

खोकं मात्र वेळेवर आलं, आणि इथेच हा प्रकार नेहमीच्या ‘पैसे घेतले, माल नाही’पेक्षा वेगळा होता. रिकामं खोकं आलं असतं तर तक्रार सोपी होती. यात वस्तू होत्या, मोजल्या तर पूर्ण भरत होत्या, आणि एकही कामाची नव्हती.

आमच्या क्लबात उपकरणांची देखभाल करणारे एक वयस्कर तंत्रज्ञ आहेत. त्यांनी एकेक वस्तू टेबलावर काढली. टॉर्क रेंच सायकलचा निघाला, २० न्यूटन-मीटरला संपणारा. फर्स्ट स्टेजच्या या जोडाला बऱ्याच कंपन्या तीसच्या आसपास सांगतात (तुमच्या मॉडेलचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्या, माझ्याकडून नको). गेजची तबकडी १० बारपर्यंतच. फर्स्ट स्टेजमधला मधला दाब साधारण नऊ ते दहा बार असतो आणि आतली सीट, म्हणजे हवा अडवणारी गादी, गळत असेल तर काटा हळूहळू वर सरकत जातो. तो सरकताना दिसावा म्हणून तर गेज लावायचा. इथे बिघाड दिसायला सुरुवात होते तिथेच तबकडी संपते. शेगड्यात धरायच्या मुठीचा प्रकार तर हसावं की रडावं असा. लो प्रेशर पोर्टचे (कमी दाबाची नळी लावायच्या भोकाचे) आटे ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मुठीला होता साधा १० मिलिमीटरचा बोल्ट. जोर लावला असता तर पोर्टच गेला असता.

मुख्य फसवणूक कनेक्टरची. त्यावर कोरलं होतं ३००. डीआयएनचे दोन प्रकार असतात: २००/२३२ बारच्या आखूड तोंडाला पाच आटे, ३०० बारच्या लांब तोंडाला सात. माझ्यावर होते पाच. आखूड कनेक्टर ३०० बारच्या खोल व्हॉल्व्हमध्ये फिरवला तर ओ-रिंग तळाशी टेकतच नाही आणि व्हॉल्व्ह उघडताच हवा निसटते. ही रचना मुद्दामच तशी केलेली आहे, कमी दाबाचं उपकरण जास्त दाबाच्या सिलिंडरला लागू नये म्हणून. दुसऱ्या टोकाला, जिथे कनेक्टर फर्स्ट स्टेजच्या अंगात जातो, तिथे आटे दीड फेरा फिरून अडकले. त्याहून वाईट म्हणजे आत शंकूच्या आकाराची जी जाळी असते, सिलिंडरमधला गंज आणि कचरा अडवणारी, ती नव्हतीच. पितळेचा बारीक कीस मात्र होता.

‘सगळ्यांना बसतो’ हे वाक्यच खोटं होतं. व्हॉल्व्हकडची बाजू प्रमाणित असते, त्यामुळे दाबाचा प्रकार जुळत असेल तर एका कंपनीचा डीआयएन रेग्युलेटर दुसऱ्या कंपनीच्या डीआयएन सिलिंडरला लागतो. पण कनेक्टरची आतली बाजू, फर्स्ट स्टेजमध्ये शिरणारी, कंपनीगणिक आणि कित्येकदा मॉडेलगणिक वेगळी. वाचणारा पहिल्या बाजूबद्दल ऐकून असतो आणि दुसरीलाही तेच लावतो. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक होतं.

परत पाठवतो म्हटल्यावर सभ्यपणा संपला. कनेक्टरवर ओरखडे आहेत, तुम्ही चुकीचा फिरवून खराब केलात, वापरलेला माल परत घेत नाही. म्हणजे बसतो का ते फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि फिरवला की माल ‘वापरलेला’! वर जाहिरातीतल्या ‘खासगी विक्री, हमी नाही’ या ओळीकडे बोट. ती ओळ त्याला वाचवत नाही, हे त्याला लिहून कळवलं: जर्मन नागरी संहितेच्या कलम ४४४ प्रमाणे दोष फसवून लपवला असेल किंवा एखाद्या गुणाची हमी दिली असेल तर विक्रेत्याला अशा सूटवाक्याचा आधार घेता येत नाही. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी खातंच गायब.

पोलिसात तक्रार ऑनलाइन करता येते. जर्मन दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम २६३. जाहिरातीचे आणि संभाषणाचे फोटो खातं जिवंत असतानाच काढून ठेवा, नंतर काही उरत नाही. माझ्याकडे होते, तरी पैसे अजून आलेले नाहीत आणि येतील असं वाटत नाही. निदान बँकेतून पैसे पाठवा. ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना नाव आणि खातं जुळतं का हे पैसे जाण्याआधी दाखवावं लागतं. भारतात असा प्रकार घडला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड.

घरी हे काम करू नये असं मी म्हणणार नाही. नीट शिकलेले लोक करतात. पण कनेक्टर कंपनीच्या सुट्या भागांच्या क्रमांकावरूनच घ्या आणि विक्रेत्याकडे तो क्रमांक मागा. फोटोत आटे मोजा, टॉर्क रेंचचा आणि गेजचा शेवटचा आकडा वाचता येईल असा फोटो मागा. खरा कार्यशाळेवाला एका मिनिटात पाठवेल. मी शेवटी अधिकृत कार्यशाळेतून बदल करून घेतला. त्यांनी नवी जाळी, नवी ओ-रिंग टाकली, आणि मधला दाब तपासल्याचा कागद हातात दिला.

गेल्या आठवड्यात तेच फोटो पुन्हा दिसले, आता दुसऱ्या नावाने आणि २१० युरोंना. हिरव्या चौकटींची कापायची मॅट, डावीकडे लाल मुठीचा पाना, आणि कनेक्टर नेमका असा ठेवलेला की आटे दिसत नाहीत.