गाडीतला दोन बँडचा हॅम संच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर मी माझ्या छोट्या हॅचबॅक गाडीत २ मीटर आणि ७० सेंटिमीटर अशा दोन बँडांवर (साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर) चालणारा मोबाइल हॅम संच, म्हणजे हौशी रेडिओवर बोलण्या-ऐकण्याचा संच, बसवला. त्यानंतरचा हिवाळा, पुण्याचे कडक एप्रिल-मे आणि आता चालू असलेला जुलैचा पाऊस, एवढे सगळे पार पडल्यामुळे त्याच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. संच जपानी बनावटीचा असून २ मीटर बँडवर ५० वॅट देतो. त्याचा दर्शनी भाग मुख्य पेटीपासून वेगळा बसवता येतो आणि दोन फ्रिक्वेन्सी एकाच वेळी ऐकता येतात. कंपनी आणि मॉडेल मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातले चार-पाच संच गुणांनी एकमेकांच्या फार जवळचे आहेत आणि माझ्या अनुभवात संचाने सर्वांत कमी त्रास दिला. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत येणारी वायर आणि त्याच्यापासून टपावर जाणारी अँटेना यांनीच खरी परीक्षा पाहिली.

असा संच जवळ बाळगण्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हौशी रेडिओ परवाना लागतो, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. मात्र आपल्याकडे हौशींना या दोन बँडांत अनुक्रमे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढेच पट्टे मोकळे आहेत आणि परदेशी बाजारासाठी बनवलेला संच त्याच्या बाहेरही प्रक्षेपण करू शकतो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी लागणाऱ्या सगळ्या फ्रिक्वेन्सी मेमरीत भरल्या आणि तेव्हापासून गाडीत बटण फिरवून फ्रिक्वेन्सी शोधणे बंद केले. परवान्याची प्रत गाडीच्या कागदपत्रांबरोबरच ठेवली आहे.

आता वायरिंगविषयी. संचाबरोबर आलेली वायर सुमारे तीन मीटरची होती आणि मुख्य पेटी शेजारच्या सीटखाली बसवायची असल्यामुळे ती अपुरी पडली. गाड्यांची इलेक्ट्रिक कामे करणाऱ्या एका दुकानात मी ती वाढवून घेतली. तिथल्या कारागिराने हॉर्नला वापरतात तेवढ्या जाडीची वायर पिळून जोडली, वर टेप गुंडाळली आणि निगेटिव्हचे टोक सीटखालच्या एका बोल्टला अडकवून दिले. संच चालू झाला, आवाज आला, त्यामुळे मीही समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू ठेवून माइकचे बटण दाबले, तेव्हा पडद्यावर दिसणारे व्होल्टेज १४.० वरून १२.७ पर्यंत खाली आले. ५० वॅटवर संच दहा-साडेदहा अँपिअर ओढतो आणि तेवढा प्रवाह बारीक वायरीतून व सैल जोडातून गेला, की सव्वा-दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. इंजिन बंद असताना हाच फरक आणखी जाचक ठरतो, कारण तेव्हा मुळात बॅटरीच साडेबारा व्होल्टची असते.

त्याच रात्री आमच्या हॅम गटातल्या एका ज्येष्ठ काकांशी संचावर बोलत होतो. मी चौकातून गाडी पुढे काढली आणि ते मध्येच थांबून म्हणाले, "अरे, तुझ्या आवाजामागे शिट्टी वाजते आहे. आत्ता गाडीचा वेग वाढवलास का?" त्यांनी घरबसल्या अचूक ओळखले होते. अल्टरनेटरची ती शिट्टी इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढते-उतरते आणि संचाचा पुरवठा गाडीच्या पत्र्यातून वाट काढत येत असेल, तर ती सरळ माइकच्या आवाजात मिसळते. "काका, उद्याच वायर बदलतो," एवढेच मी म्हणालो.

पुढच्या रविवारी सगळे काढून पुन्हा केले. तपकीर गल्लीतून लाल आणि काळी अशी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणली (दुकानात नुसते "चार एमएम" म्हटले तरी कळते), नाना पेठेतून तांब्याचे लग आणि रबरी ग्रोमेट घेतले आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून मूळ वायरिंग जिथून जाते त्याच छिद्रातून दोन्ही वायरी आत घेतल्या. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर बसवला, कारण फ्यूज संचाजवळ असेल आणि मधल्या वायरीचे आवरण पत्र्याने कापले गेले, तर तो फ्यूज काहीही वाचवू शकत नाही. माझ्या गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर प्रवाह मोजणारा सेन्सर आहे. म्हणून काळी वायर थेट टर्मिनलला न लावता बॅटरीची पट्टी गाडीच्या सांगाड्याला जिथे मिळते तिथे लावली. आता बटण दाबल्यावर व्होल्टेज १४.० वरून साडेतेराच्या आसपास येते आणि तिथेच स्थिर राहते. शिट्टी पूर्णपणे गेली. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून असा संच चालवण्याचा विचार कुणी करत असेल, तर त्याने तो सोडून द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती जोडणी सतत दहा अँपिअर वाहण्यासाठी नसते आणि सॉकेट तापलेले हाताला जाणवते.

अँटेनेच्या बाबतीत मी आधी चुंबकाच्या बैठकीवर सव्वा मीटर लांबीची, पाच-अष्टमांश तरंगलांबीची काठी घेतली होती. उघड्या रस्त्यावर ती उत्तम चालते. परंतु आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगला उंचीची आडवी पट्टी आहे आणि रोज चार वेळा उतरून काठी काढण्याचा कंटाळा एका महिन्यात आला. तेव्हापासून टपाच्या मध्यावर पाव तरंगलांबीची, जेमतेम अर्ध्या मीटरची साधी पोलादी काठी आहे. ती मी स्वतः कापून जुळवली. ५१ सेंटिमीटरला तिचा सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (अँटेनेकडून परत येणाऱ्या शक्तीचे माप, १ च्या जितके जवळ तितके चांगले) १४२ मेगाहर्ट्झच्या जवळ येत होता. या लांबीला एक सेंटिमीटर कापले की अनुनाद, म्हणजे काठी सर्वांत चांगली चालते ती फ्रिक्वेन्सी, सुमारे तीन मेगाहर्ट्झ वर सरकतो, म्हणून दोन-तीन मिलिमीटर कापायचे, बोनेट आणि दारे बंद करायची, टपापासून दूर उभे राहून पुन्हा मोजायचे, असे करत पन्नासच्या आसपास १४५ वर १.२ मिळाला. कापताना घाई केली तर काठी वाया जाते, कारण कापलेला तुकडा परत जोडता येत नाही. केबल मात्र चांगली आणि लागेल तेवढीच ठेवावी. आरजी-५८ केबलच्या पाच मीटरमध्ये २ मीटर बँडवर साधारण एक डेसिबल जातो, म्हणजे ५० वॅटचे टपावर चाळीसच पोचतात, आणि ७० सेंटिमीटर बँडवर हा तोटा जवळपास दुप्पट होतो.

चुंबकाखाली पुण्याची धूळ साचते आणि तिने रंगावर गोल ओरखडे उठतात, हे नमूद करायला हवे. दर पंधरा दिवसांनी बैठक उचलून, ओल्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसूनच परत ठेवावी. ती सरकवू मात्र नये.

संच घेताना ५० वॅटचा आकडा माझ्या मनात फार मोठा होता. आज मी बहुतेक वेळ १० वॅटवर बोलतो. ५० वरून १० वर आल्याने ७ डेसिबल कमी होतात आणि एस-मीटरचे (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकाचे) एक घर ६ डेसिबलचे धरतात, म्हणजे ऐकणाऱ्याला फरक एका घराहून जेमतेम थोडा जास्त. हे मी प्रत्यक्ष करून पाहिले. काका कोथरूडला घरी होते आणि मी जुन्या कात्रज घाटात, बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी थांबवली होती. तिथून शहर समोर पसरलेले दिसते. सिम्प्लेक्सवर, म्हणजे थेट संच ते संच, १० वॅटला त्यांनी माझा आवाज अगदी स्वच्छ ऐकला आणि ५ वॅटला किंचित खरखर सांगितली. मग बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या बाजूला उतरलो आणि पूर्ण ५० वॅट लावले, तर त्यांच्यापर्यंत काहीच पोचले नाही. मध्ये डोंगर आला होता. रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारा संच) उंच डोंगरावर बसवतात तो याचसाठी, आणि त्याच्यापर्यंत पोचायलाही शहरातून १० वॅट पुरेसे होतात. शक्ती कमी ठेवल्याने संच थंड राहतो आणि बॅटरीवरचा भारही निम्म्याच्या आसपास येतो.

शहरात चालत्या गाडीतून आवाज थरथरत येतो, तेव्हा नवे हॅम लगेच शक्ती वाढवतात. मीही तेच करत असे. इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींना जागोजागी छेदतात आणि २ मीटर बँडवर अशी मृत जागा साधारण दर मीटरभर अंतरावर येते. नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा असताना एकदा समोरच्याचा आवाज पूर्ण नाहीसा झाला होता आणि पुढची रिक्षा हलल्यावर मी हातभर पुढे सरकलो, तेवढ्यात तो पहिल्यासारखा खणखणीत आला.

ऐकण्यातली सर्वांत मोठी अडचण मात्र बाहेरची नव्हती. नोव्हेंबरात संचाचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय) कारण नसताना उघडू लागला आणि एस-मीटरच्या चार पट्ट्या कायम पेटलेल्या दिसू लागल्या. एकेक उपकरण बंद करत गेलो तेव्हा दोष काचेवरच्या डॅशकॅमच्या चार्जरचा निघाला. त्याची पिन काढली की चारही पट्ट्या विझत. वायरीच्या दोन्ही टोकांना फेराइटची कडी घालून आणि ती अँटेनेच्या केबलपासून दूर, दाराच्या कडेने नेऊन त्रास बराच कमी झाला, पण आजही दूरचे क्षीण स्टेशन ऐकायचे असेल तर मी डॅशकॅम काढून ठेवतो.

प्रत्यक्ष संचाविषयी माझ्या तीन तक्रारी आहेत. मुख्य पेटी सीटखाली असल्यामुळे तिच्यातला स्पीकर गालिच्यात तोंड खुपसून बोलल्यासारखा वाटतो. वेगळा स्पीकर डॅशबोर्डखाली लावल्यावर ती दूर झाली. दुसरी, रिपीटर उघडण्यासाठी आवाजाबरोबर पाठवायचा टोन बदलायचा तर मेनूत सहा पायऱ्या उतराव्या लागतात. तिसरी तक्रार उन्हाळ्याची. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत पडदा काळसर पडला होता आणि आकडे वाचता येत नव्हते. एसी चालू करून दहा मिनिटे थांबल्यावर तो पूर्ववत झाला. त्या काळात मी पूर्ण शक्तीवर लांब बोलणे टाळले, कारण एफएममध्ये बोलत असा वा नसा, बटण दाबलेले असेपर्यंत संच पूर्ण शक्ती देतच राहतो.

फेब्रुवारीत एकदा संच चालू राहिला आणि गाडी दोन दिवस जागेवरच होती. नुसते ऐकतानाही तो अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे ४८ तासांत २४ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ ची आहे. सोमवारी सकाळी सेल्फ फिरला नाही आणि आईला दवाखान्यात न्यायचे होते. त्या दिवसाची धावपळ मला विसरता येत नाही. आता किल्ली काढली की संचाचा पुरवठा तोडणारा रिले बसवला आहे आणि तो मी पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता.

बोलणे आता मी थांबलेल्या गाडीतूनच करतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे धोकादायक चालवण्यात मोडते आणि हातातला माइक त्याहून वेगळा आहे असे मी मानत नाही. लांबच्या प्रवासात पत्नी शेजारी असते. तिनेही आता परवाना घेतला आहे आणि ताम्हिणी घाटात माझ्याऐवजी तीच बोलते.

या नऊ महिन्यांतला सर्वांत आनंदाचा प्रसंग दिवे घाटाच्या माथ्यावरचा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या हौशी रिपीटरला १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झच्या टोनसह हाक द्यायची आणि उत्तर ४३७.८०० वर ऐकायचे असते. स्थानक जवळ येताना ही फ्रिक्वेन्सी डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, सुमारे दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येते आणि दूर जाताना तेवढीच खाली जाते, म्हणून ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाच मेमरी ओळीने भरून ठेवल्या होत्या. माझी अर्ध्या मीटरची काठी ७० सेंटिमीटर बँडवर पाऊण तरंगलांबीची होते आणि तिची ऊर्जा क्षितिजाऐवजी बरीच वरच्या दिशेने जाते. शहरातल्या गप्पांना हा दोष, पण डोक्यावरून जाणाऱ्या स्थानकासाठी तोच गुण. सासवडच्या बाजूच्या मोकळ्या पठारावर गाडी उभी करून मी फक्त एकदा कॉल साइन (परवान्यावरची माझी ओळख) दिली. दोन सेकंद शांतता होती, मग दक्षिणेकडच्या एका स्टेशनने माझी पूर्ण कॉल साइन परत उच्चारून ५९ चा, म्हणजे आवाज स्वच्छ आणि सिग्नल जोरदार असल्याचा, रिपोर्ट दिला. पत्नीने वहीत वेळ लिहून घेतली. पुढच्या दोन-तीन मिनिटांत आवाज खरखरत विरून गेला.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर एसडब्ल्यूआर १.२ वरून २ च्या पुढे गेला होता. बैठकीजवळचा केबलचा पीएल-२५९ कनेक्टर उघडला तर आत हिरवट थर आणि पाण्याचा थेंब निघाला. नवा कनेक्टर लावून त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढेल अशी गुंडाळली आहे आणि केबलला आत शिरण्याआधी खाली लोंबणारे एक वळण दिले आहे, म्हणजे पाणी त्या वळणावरून गळून जाते. काल रात्रीच्या पावसानंतर आज सकाळी पुन्हा मोजले, तेव्हा काटा १.३ वर होता.