रिझ्युमे लिहून घ्यायचे साडेचार हजार: वसूल किती, वाया किती

भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला चौदा वर्षं काढल्यावर नोकरी शोधायची वेळ आली, तेव्हा चिंचवडच्या एका छोट्या करिअर सर्व्हिसकडे गेलो. नाव देत नाही, कारण भलंबुरं दोन्ही लिहायचंय आणि तिथल्या मॅडम अजून माझा फोन उचलतात. पॅकेज साडेचार हजारांचं: रिझ्युमे, कव्हर लेटर, नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनची प्रोफाइल, एक मॉक (सरावाचा) इंटरव्ह्यू, आणि वर 'तुमचा सीव्ही ५०० कंपन्यांना पाठवू'.

पैसे वसूल झाले ते पहिल्याच बैठकीत. माझ्या जुन्या रिझ्युमेत पहिली ओळ होती, 'इनकमिंग आणि इनप्रोसेस इन्स्पेक्शनची जबाबदारी'. मॅडमनी पेन ठेवलं. "सर, ही ओळ तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या रिझ्युमेतही असेल. तुम्ही असताना काय बदललं ते सांगा." मी सांगायला लागलो, की अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये पोरोसिटी (धातूत बारीक छिद्रं) यायची, मशिनिंग होऊन लीक टेस्टला पार्ट नापास व्हायचे, कास्टिंगवाला मशीनशॉपकडे बोट दाखवायचा आणि मशीनशॉप कास्टिंगवाल्याकडे. शेवटी डायचे (कास्टिंगच्या साच्याचे) एअर व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायच्या वाटा, चोक होतात हे सापडलं आणि व्हेंट दर शिफ्टला साफ करायचं ठरलं. "रिजेक्शन किती होतं?" साडेसहा टक्के. "आणि नंतर?" दोनच्या आत. "हे 'आम्ही' केलं की 'तुम्ही'?" इथे जरा अडखळलो. आपल्याकडे 'मी केलं' म्हणायची जीभ नसते. पण डेटा मीच काढला होता, व्हेंटची शंकाही माझीच. तासाभराने पहिल्या पानावर तीन ओळी उभ्या राहिल्या आणि तिन्हींत आकडे होते. आयएटीएफ १६९४९, पीपीएपी, एफएमईए हे वाहन उद्योगातल्या क्वालिटीचे शब्दही वर आणले, कारण एचआरवाले रिझ्युमे वाचण्याआधी डेटाबेसमध्ये शब्द टाकून शोधतात.

त्या शोधाबद्दल मॅडमनी जे सांगितलं ते फुकटातही वापरता येईल. रिक्रूटरला अनुभव, पगार, गाव, नोटीस पिरियड आणि उमेदवार अलीकडे कधी लॉगिन झाला होता, या सगळ्यावर गाळणी लावता येते. त्यामुळे प्रोफाइल भरून सहा महिने तिकडे न फिरकणारा माणूस भरलेला असूनही दिसत नाही. माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. मॅडमनी अपॉइंटमेंट लेटर काढायला लावलं, त्यात बाय-आउटचं (पैसे भरून नोटीस पिरियड कमी करायचं) कलम निघालं, ते प्रोफाइलमध्ये लिहिल्यावर फोन वाढले.

मॉक इंटरव्ह्यू बरा होता. तांत्रिक प्रश्न मॅडमना येत नाहीत, यायला हवेत अशी अपेक्षाही नाही. पगाराची बोलणी मात्र छान घोटून घेतली. सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वार्षिक पॅकेजच्या आकड्यात, कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते, म्हणून आकडा ऐकून खूश व्हायचं नाही, हातात किती हे विचारायचं.

आता वाया गेलेलं. '५०० कंपन्या' हा निव्वळ फुगा. त्यानंतर विमा विकायला माणसं हवीत, नाईट शिफ्टला कॉल सेंटरवर याल का, असे फोन, आणि एकाने तर 'रजिस्ट्रेशन फी' मागितली. प्लेसमेंट कन्सल्टंटला पैसे कंपनी देते, साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे महिन्याचा पगार. उमेदवाराकडे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा. कव्हर लेटर कुणी उघडलं असेल असं वाटत नाही. लिंक्डइनवर 'पॅशनेट प्रोफेशनल' लिहून दिलं होतं, ते मी घरी येऊन काढलं.

नोकरी लागली चाकणला, तीही ओळखीतून. आमच्याकडे ऑडिटला येणारे कस्टमरचे एक सप्लायर क्वालिटीवाले दुसरीकडे गेले होते, त्यांना साधा मेसेज टाकला. म्हणाले, "अहो, आधी सांगायचं नाही का! सीव्ही पाठवा." तरी इंटरव्ह्यूत प्लँट हेडनी बोट ठेवलं ते त्या साडेसहा टक्क्यांच्या ओळीवरच, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही डाय व्हेंटिंगवरच बोललो.

माझे पाचपैकी तीन स्टार. फ्रेशरने यात पैसे घालू नयेत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टल आणि राज्याचं महास्वयम फुकट आहे, रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथे मिळते. दहाएक वर्षं झालेल्यांनी पूर्ण पॅकेज न घेता फक्त पहिली बैठक मिळते का ते विचारावं. दीड हजारापर्यंत द्यायला हरकत नाही. आणि रिझ्युमेची वर्ड फाइल मागून घ्या. मला आधी पीडीएफच टेकवली होती, म्हणजे मोबाइल नंबर बदलला तरी पुन्हा त्यांच्याच दारात.