ऑनलाइन लिलावात रिझर्व्ह प्राइस सांगायची का झाकून ठेवायची?

लिलावाला वस्तू लावताना एक रकाना येतो, राखीव किंमत, म्हणजेच रिझर्व्ह. याच्या खाली बोली आली तर वस्तू द्यायची नाही, असा तुमचा आकडा. तो सगळ्यांना दाखवायचा का आपल्यापाशीच ठेवायचा यावर लोक लय वाद घालतात, पण विकायचंय काय हे कोणी आधी विचारतच नाही.

सांगलीत दोन्ही पद्धती रोज चालतात. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला शेतकरी आपला आकडा आधी सांगत नाही, खरेदीदार हळकुंड हातात घेऊन मोडून बघतात, बोली चढते, आणि शेवटचा भाव नाही पटला तर शेतकरी माल देत नाही. म्हणजे रिझर्व्ह आहेच की, फक्त डोक्यात आहे. २०१६ ला ई-नाम, म्हणजे सरकारचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, आला तरी त्यात वरच्या बोलीला हो म्हणायचं का नाही हे शेतकऱ्याकडेच ठेवलंय. आणि त्याच गावात पेपर उघडला की सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा कायदा) बँकेनं ताब्यात घेतलेल्या फ्लॅटची लिलाव नोटीस दिसते, त्यात राखीव किंमत चक्क छापलेली असते, शेजारी बयाण्याची रक्कम.

फरक का, तर खरेदीदाराला बोलीपर्यंत यायला काय पडतं त्यावर सगळं आहे. हळदीचा व्यापारी यार्डात असतोच, एक सौदा फिसकटला तर तो पुढच्या ढिगाकडे जातो, त्याचं काही बिघडत नाही. फ्लॅट घेणाऱ्याला मात्र आधी टायटल बघायचं, वकिलाची फी द्यायची, बयाणा भरायचा, आणि बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे, एवढं करून 'आमचा आकडा वेगळा होता' ऐकायला कोण येणार?

म्हणून ट्रॅक्टर, बुलेट, फ्रीज, जनरेटर असलं काही असेल, ज्याचा सेकंडहँड भाव चार लोकांना माहीत असतो, तर मी म्हणेन सरळ सांगून टाका, किंवा तोच आकडा सुरुवातीची बोली म्हणून लावा. झाकलात की काय होतं, लोक बोली लावायच्या आधी फोन करतात, "शेवटचं किती ते बोला", तुम्ही एकाला सांगता, दुसऱ्याला नाही, आणि लिलावाची घरगुती घासाघीस होऊन बसते. याची नीट परीक्षाही झालीय. कातकर आणि रायली या दोन अभ्यासकांनी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर पोकेमॉन कार्डांच्या ५० जोड्या विकायला लावल्या, जोडीतलं एक कार्ड उघड किमान बोलीनं, दुसरं अगदी किरकोळ सुरुवात ठेवून आत झाकलेल्या रिझर्व्हनं. दोन्हीकडे आकडा सारखाच. २००६ ला छापलेला निकाल असा की झाकलेली कार्डं विकली जायचं प्रमाण कमी, बोलीवाले कमी, भावही कमी. आता हे स्वस्तातल्या कार्डांचं, तेव्हा सगळ्याच वस्तूंना ते लागू धरू नका.

कारण आकडा सांगण्यालाही खोट आहे. बँकांच्याच लिलावात बघा, पहिल्या फेरीत कोणी आलं नाही की पुढच्या नोटिशीत बहुतेक वेळा राखीव किंमत उतरते, हे मुरलेल्या खरेदीदारांना पाठ असतं, ते बसतात वाट बघत. आकडा उघड केलात की तो उतरवलेलाही सगळ्यांना दिसतो. झाकलेला उतरवला तर कोणाला पत्ता लागत नाही.

दुसरी अडचण, तुम्हालाच किंमत माहीत नसते तेव्हा. समजा घरात मिरजेच्या सतारमेकर गल्लीत केलेला आजोबांचा तंबोरा आहे, भोपळा चांगला, जवारी अजून बोलते, पण भाव पंचवीस हजार का ऐंशी हजार हे घरात कोणालाच सांगता येत नाही. (त्यावर हस्तिदंताची नक्षी असेल तर आधी थांबा, वन्यजीव कायद्याखाली तसली विक्री चालत नाही.) इथं पंचवीस लिहिलंत तर जाणकारही तिथंच आसपास घुटमळणार, ऐंशी लिहिलंत तर एकही बोली नाही. अशा वस्तूला मी सुरुवात कमी ठेवेन आणि रिझर्व्ह झाकेन, म्हणजे दोन गाणारे एकमेकांवर चढले की भाव आपसूक कळतो. ईबेवरच्या जुन्या नाण्यांच्या लिलावांवर बजारी आणि हॉर्टाचसू यांचा २००३ चा अभ्यास आहे, त्यातही विकणारे झाकलेला रिझर्व्ह वापरताना दिसतात ते जास्त करून महागड्या नाण्यांना, ते बरोबरच वाटतं.

मात्र झाकायचा तर आकडाच झाका. रिझर्व्ह आहे हे झाकू नका. वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा, 'राखीव किंमत आहे, ती गाठली नाही तर विक्री बंधनकारक नाही.' आपल्या माल विक्री कायद्यात, १९३० च्या, कलम ६४ मध्ये लिलाव राखीव किमतीच्या अटीवर आहे असं जाहीर करायची सोय आहेच. त्याच कलमात दुसरंही आहे, जे लोक सोयीस्कर विसरतात: भाव चढवायला विकणाऱ्यानं खोटी बोली लावली तर खरेदीदाराला तो व्यवहार मोडता येतो. मेव्हण्याला दुसऱ्या आयडीवरून बोलीला बसवायचा 'सोपा रिझर्व्ह' म्हणूनच नको, रिझर्व्हचा रकाना फुकट किंवा चार पैशात मिळत असताना तर नकोच. ईबेवर मात्र त्याची वेगळी फी पडते, वस्तू विकली नाही तरी पडते, तेव्हा दहा-वीस हजाराच्या आतल्या वस्तूला ती परवडते का ते आधी बघा.

मधला एक रस्ता जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावात वापरतात. वरची बोली धरून ठेवायची आणि विक्री मालकाच्या मंजुरीवर. आकडा सांगायला नको आणि बोली थोडक्यात हुकली तरी बोलायला जागा राहते, तुमच्या मनात चाळीस, बोली आली अडतीस, तर वरची बोली लावणाऱ्याला फोन करून मिटवता येतं. पण मंजुरी कधीपर्यंत कळवणार ते लिहून ठेवा, दोन दिवस म्हणा, कारण तोवर त्या माणसाचे पैसे अडकलेले असतात आणि तेवढ्यात त्याला दुसरीकडं गाडी मिळाली तर तुमचा फोनसुद्धा उचलणार नाही.