‘एक्झाइल’ की ‘गोट्स हेड सूप’: आधी कोणती तबकडी घ्यावी?

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडच्या तबकड्या जमवायला नुकतीच सुरुवात केलेल्या, आणि सध्या एकाच अल्बमपुरते पैसे बाजूला ठेवलेल्या श्रोत्यापुढे बहुधा दोन नावे येतात: १९७२ सालचा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ आणि त्याच्या पाठोपाठ १९७३ मध्ये आलेला ‘गोट्स हेड सूप’. दोन्हींचा निर्माता जिमी मिलर, वादकही बरेचसे तेच, आणि दोन्ही अल्बम ब्रिटन व अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तरीही त्यांचा स्वभाव इतका निराळा आहे की, एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच, असे म्हणता येत नाही.

‘एक्झाइल’मध्ये दोन तबकड्यांवर अठरा गाणी आहेत. ब्रिटनमधील जबर करांपासून सुटका मिळावी म्हणून बँडने दक्षिण फ्रान्स गाठले, आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्सने भाड्याने घेतलेल्या नेलकोट या बंगल्याच्या तळघरात यातील बराच भाग ध्वनिमुद्रित झाला. त्या कोंदट जागेची दाटी गाण्यांत उतरली आहे. गायक मिक जॅगरचा आवाज गिटार, पियानो आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत बुडतो, आणि कान देऊनही शब्द निसटतात. सुरुवातीला हा दोष वाटतो, पण चारही बाजू सलग ऐकल्या की तीच दाटी हवीशी वाटू लागते.

‘गोट्स हेड सूप’चे बरेचसे काम जमैकातील किंग्स्टनमध्ये झाले. एकच तबकडी, दहा गाणी; लय संथ आणि गायकाचा आवाज पुढे. मात्र दर्जा एकसारखा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ‘डान्सिंग विथ मिस्टर डी’ भीतीचे वातावरण उभे करू पाहते, पण तीच ती गिटारची फेरी ऐकून ते लवकर विरते. ‘हाइड युअर लव्ह’ तर कच्च्या खर्ड्यासारखे राहून गेले आहे. ‘अँजी’ हे यातले गाजलेले गाणे सर्वांना ठाऊक आहेच.

या अल्बमचे खरे मोल ‘कमिंग डाउन अगेन’मधील कीथच्या थकलेल्या गळ्यात, आणि त्याहूनही अधिक ‘विंटर’मध्ये आहे. ऐन उष्ण बेटावर ध्वनिमुद्रित झालेल्या या थंडीच्या गाण्यात निकी हॉपकिन्सचा पियानो हळूच पाठीशी येतो, जॅगर जणू स्वतःशीच बोलत गातो, आणि अखेरीस व्हायोलिनांच्या लाटेवर मिक टेलरची गिटार अशी वर चढत जाते की, गाणे संपल्यावर लगेच पुढचे ऐकवत नाही. इतका उघडा, एकाकी सूर मला ‘एक्झाइल’च्या अठरा गाण्यांत सापडत नाही.

म्हणून माझे मत असे: तासाभराहून अधिक वेळ एका बैठकीत ऐकण्याची सवय असेल, तर आधी ‘एक्झाइल’ घ्यावा, कारण तो तुकड्यांत ऐकला की हाती फारसे लागत नाही. रात्री एकट्याने चार-पाच गाणी ऐकणाऱ्याने मात्र ‘गोट्स हेड सूप’पासून सुरुवात करायला हरकत नाही, त्यासाठी जादा ध्वनिमुद्रणे असलेली २०२० सालची महागडी आवृत्ती घेण्याची गरज नाही, साधी एक तबकडी पुरे. दुकानात ऐकून पाहण्याची सोय असेल, तर ‘गोट्स हेड सूप’च्या दुसऱ्या बाजूवरचे तिसरे गाणे, म्हणजे ‘विंटर’, लावायला सांगावे आणि ते शेवटपर्यंत ऐकावे.