रेकॉर्ड वाटेत तुटली नव्हती, तुटलेलीच पाठवली होती

जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड ऑनलाइन घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण ही फसवणूक अशी आहे की फसलेल्या माणसाला आपण फसलोय हेच कळत नाही, तो कुरिअरवाल्याला शिव्या देतो आणि नशीब म्हणून गप्प बसतो. ठगाला नेमकं तेच हवं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड प्लास्टिकची नसते, लाखेची असते, म्हणजे लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी असं मिश्रण गरम करून साच्यात दाबलेलं. दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. नंतरच्या विनाइलच्या एलपी थोड्या वाकतात तरी, ही वाकत नाही, सरळ तडकते. त्यामुळे पार्सलमध्ये रेकॉर्ड तुटणं हे आम्हा लोकांना नवीन नाही, प्रत्येकाची एखादी तरी अशी गेलेली असते. या माणसाने याच गोष्टीवर धंदा उभा केलाय.

आम्ही वडोदऱ्याचे. फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारचे गवई, १९५० मध्ये इथेच गेले, आणि माझ्या आजेसासऱ्यांनी त्यांना समोर बसून ऐकलेलं, त्यामुळे घरात त्यांचं नाव कायम निघायचं. कलकत्त्याच्या हिंदुस्थान कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड काढल्या होत्या. भैरवीची आमच्याकडे होती, ती घर बदलताना गेली, आणि तेव्हापासून मी शोधतेय. यूट्यूबवर ऐकता येते हो, पण ज्यांना हा नाद आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

तर एका ग्रुपवर ती विकायला आली. विकणारा मराठी, महाराष्ट्रातला, वडिलांचा संग्रह विकतोय म्हणाला. बोलणं एकदम घरच्यासारखं, ताई ताई करून. मी दोन्ही बाजूंचे फोटो मागितले, दिले. लेबलचा जवळून फोटो मागितला, दिला. वाजवून दाखवा म्हटलं तर ग्रामोफोनवर लावून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवला, खाँसाहेबांचा आवाज, लेबल फिरताना दिसतंय, अजून काय हवं? साडेपाच हजार ठरले आणि वर पॅकिंग आणि इन्शुरन्सचे सहाशे, ते मी आनंदाने दिले कारण दोन प्लायवूडच्या मध्ये रेकॉर्ड, भोवती थर्माकोल, असा पॅकिंगचा फोटोसुद्धा त्याने पाठवला होता. पैसे यूपीआयने गेले.

पार्सल आलं ते बिस्किटाच्या खोक्यात. प्लायवूड नाही, थर्माकोल नाही, वर्तमानपत्राचे दोन बोळे आणि मध्ये तुकडे. खोकं हलवलं तर आत खुळखुळ आवाज येत होता. मला रडूच आलं, पैशांपेक्षा या गोष्टीचं की एवढी वर्षं कुणीतरी जपलेली वस्तू वाटेत अशी मेली.

त्याला फोन केला तर तो माझ्याहून जास्त हळहळला. "ताई, मी स्वतः प्लायवूडमध्ये बांधली होती, कुरिअरवाल्यांनी उघडून दुसऱ्या खोक्यात कोंबली असणार, हे लोक असंच करतात, तुम्ही काळजी करू नका, क्लेम करतो, पूर्ण पैसे मिळतील, फक्त ते तुकडे मला परत पाठवा, क्लेमला लागतात." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. तुकडे परत पाठवा.

मी पाठवले नाहीत, आणि त्याचं कारण संशय नव्हतं. तुकडे जोडून निदान लेबलसकट फ्रेम करून भिंतीवर लावता येतील का एवढंच डोक्यात होतं. म्हणून दांडिया बाजारात एक काका आहेत, ग्रामोफोन दुरुस्त करतात, गुजराती आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी टेबलावर कापड पसरलं आणि एकेक तुकडा मांडायला लागले, आणि थोड्या वेळाने थांबले.

पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती म्हणजे गोल पूर्ण होत नव्हता. मोठी फोड गायब. बंद खोक्यात रेकॉर्ड तुटली तर तिचा कणन् कण खोक्यातच असायला हवा, अगदी चुरासुद्धा, मग एवढा तुकडा गेला कुठे? दुसरी गोष्ट कडा. ताजी तुटलेली लाख आतून स्वच्छ काळी असते, या तुकड्यांच्या कडांवर मळ बसलेला, तपकिरी, खाचेत जुनी धूळ. म्हणजे ही कधीच तुटलेली होती, माझ्या पार्सलच्या फार आधी. मग त्यांनी बोट किंचित ओलं करून लेबलच्या कडेवर दाबलं आणि लेबल उचललं गेलं. "बेन, आ लेबल पाछळथी चोंटाडेलुं छे." म्हणजे ताई, हे लेबल मागाहून चिकटवलेलं आहे. ७८च्या रेकॉर्डचं लेबल नंतर डिंकाने लावत नाहीत, रेकॉर्ड साच्यात दाबतात तेव्हाच ते लाखेत बसतं, नखाने सुद्धा निघत नाही. हे नुसतं चिकटवलेलं होतं. भिंगाखाली धरलं तर छपाईत रंगीत ठिपके, म्हणजे कलर प्रिंट. जुन्या लेबलची छपाई सलग शाईची असते, तिच्यात असे ठिपके नसतात.

आणि शेवटचा पुरावा म्हणजे मॅट्रिक्स नंबर. लेबल आणि गाण्याच्या रेघा यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात एक नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, कोरल्यासारखा दिसतो, तो कागदावर नसतो, लाखेतच उमटलेला असतो, त्यामुळे तो कुणाला बदलता येत नाही. विकणाऱ्याने पाठवलेला लेबलचा फोटो मी मोबाइलवर मोठा करून पाहिला तर त्यात नंबर अर्धवट का होईना दिसत होता. तुकड्यावरचा नंबर साफ वेगळा. काकांच्या मते ती कुठल्यातरी जुन्या हिंदी सिनेमाची रेकॉर्ड होती, तशा तुटक्या रेकॉर्ड भंगारवाल्याकडे हव्या तेवढ्या मिळतात.

म्हणजे खरी रेकॉर्ड त्याच्याकडेच आहे, धडधाकट. तीच वाजवून प्रत्येकाला व्हिडिओ दाखवायचा, भंगारातले तुकडे खोट्या लेबलसकट पाठवायचे, आणि मग कुरिअरच्या नावाने दोघांनी मिळून रडायचं. तुकडे परत मागायचे ते क्लेमसाठी नाही, पुरावा हातात राहू नये म्हणून, आणि पुढच्या माणसाला तेच पाठवता यावेत म्हणून. हा माझा नुसता अंदाज नाही. मी ओळखीच्या संग्राहकांना फोटो पाठवले तेव्हा सांगलीच्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे आलेल्या तुकड्यांचा जुना फोटो काढून दाखवला, त्यांनी बिचाऱ्यांनी तुकडे परत केले होते, आणि त्यांच्या फोटोतला चंद्रकोरीसारखा मोठा तुकडा आणि माझ्याकडचा तुकडा एकच आहे, कडेची खाच धरून.

कुरिअरची पावती मी नंतर नीट वाचली. जाहीर किंमत दोनशे रुपये आणि इन्शुरन्सचा रकाना रिकामा. म्हणजे सहाशे रुपयेही खिशात. आणि क्लेम म्हणाल तर तो साधारणपणे पाठवणाऱ्यानेच करायचा असतो, बुकिंग त्याच्या नावावर असतं, आपण घेणारे नुसते वाट बघत बसतो. त्यात बहुतेक पावत्यांच्या मागे भरपाईची मर्यादा छापलेली असते. मी त्या कुरिअरच्या ऑफिसात जाऊन एका साध्या पोरावर खूप चिडले होते, त्याचा यात काडीचाही संबंध नव्हता, नंतर जाऊन त्याला सगळं सांगून आले.

आता तुम्ही घेताय तर काय करा. व्हिडिओ मागा पण गाण्याचा नाही, मॅट्रिक्स नंबरवर तिरका उजेड टाकून काढलेला, आणि तो नंबर लिहून ठेवा. पार्सल आल्यावर उघडायच्या आधीपासून व्हिडिओ सुरू करा, आधी वरचा पत्त्याचा कागद आणि चिकटपट्टी चारी बाजूंनी दाखवा, मग एका दमात, मध्ये न थांबवता उघडा. बुकिंगची पावती पैसे देतानाच मागा, तिच्यावर वजन असतं, किंमत असते, इन्शुरन्स असेल तर तोही असतो. प्लायवूडमध्ये बांधलेल्या पार्सलचं वजन आणि बिस्किटाच्या खोक्याचं वजन यात फरक पडणारच. आणि तुटकं आलं तर एकही तुकडा परत पाठवू नका, खोकं आणि बोळेसुद्धा टाकू नका. माझ्या पार्सलमधल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यावर गावाची आवृत्ती छापलेली होती आणि ती त्याने सांगितलेल्या गावाची नव्हती.

साफ करताना एक सांभाळा, तुकडे पुसायला स्पिरिट वापरू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि नंबर पुसट होतो, कोरडा मऊ ब्रश पुरे.

पैशांचं म्हणाल तर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, पैसे काढून घेतले जाण्याआधीच ते गोठवता येतात. हा माणूस क्लेमच्या आशेवर आठवडेच्या आठवडे झुलवतो ते याचसाठी, तोवर पैसे पुढे निघून गेलेले असतात, माझे तसेच गेले. तरी मी सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार केलीय, पोलिसांकडे अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे, पूर्वीचं ४२० म्हणा. तिथले साहेब सुरुवातीला "पार्सलमध्ये तुटलं, त्यात गुन्हा काय" म्हणाले, मग मी लेबल उचलून दाखवलं आणि दोन्ही नंबर शेजारी ठेवले तेव्हा अर्ज घेतला.

त्याने आता नाव आणि नंबर बदललाय, पण भैरवीची तीच रेकॉर्ड परत विक्रीला दिसतेय, तेच फोटो, लेबलच्या खालच्या कडेला डावीकडे एक छोटा टवका आहे त्यावरून ओळखू येते. तुमच्यापैकी कुणाकडे या रेकॉर्डचे म्हणून तुकडे आले असतील, वर्षभरापूर्वी आले असले तरी, तर फोटो शोधा, पावती शोधा आणि मला कळवा, सांगलीचे ते गृहस्थ तयार आहेत, तिसरा कुणी मिळाला तर आम्ही तक्रारी एकत्र जोडणार आहोत.